नवशिक्यांच्या स्पर्धेचे मोल

१९७५ साली ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर एक विलक्षण प्रकार घडला. ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या लोकप्रिय प्रश्नमंजुषेत मँचेस्टर विद्यापीठाचा संघ बसला होता. प्रश्न सुरू झाले आणि या संघातील विद्यार्थी विषय कोणताही असो, ‘मार्क्स’, ‘लेनिन’, ‘ट्रॉट्स्की’, ‘चे गव्हेरा’ अशीच उत्तरे देऊ लागले. हा पोरकटपणा होता, यात शंका नाही. पण त्यामागची तक्रार पोरकट नव्हती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांतील महाविद्यालयांना आपापले स्वतंत्र संघ पाठविण्याची मुभा होती, आणि मँचेस्टरसारख्या मोठ्या विद्यापीठाच्या वाट्याला मात्र एकच संघ येत होता. प्रश्न सर्वांना तेच, वेळ तीच, गुण देण्याची रीतही तीच. आणि तरीही स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच तराजू एका बाजूला कललेला होता.

या विद्यार्थ्यांनी उपस्थित केलेला प्रश्न त्या कार्यक्रमापेक्षा मोठा आहे. सर्वांना एकाच आखाड्यात उतरवून एकच नियम लावला म्हणजे समता साधली, असे मानावे काय? की ज्याला आखाड्याच्या दारापर्यंतच येता येत नाही, त्याच्यासाठी आधी दार उघडणे हाही समतेचाच भाग मानावा? मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारला तो उपहासाने. त्याचे एक विधायक उत्तर अमेरिकेत दरवर्षी, कसलाही गाजावाजा न होता, दिले जाते. तेथील कम्युनिटी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रश्नमंजुषा भरते. आधी विभागीय स्पर्धा होतात, त्यांतून निवडलेले संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल अकॅडेमिक क्विझ टूर्नामेंट्स’ ही संस्था ती भरविते. प्रश्न नवशिक्यांना झेपतील असे असतात आणि समोरचा संघही आपल्यासारख्याच महाविद्यालयातून आलेला असतो. वरवर पाहता ही एक किरकोळ शैक्षणिक करमणूक वाटेल. तिच्या मुळाशी असलेला विचार मात्र किरकोळ नाही.

दोन वर्षांचे महाविद्यालय

हा विचार समजण्यासाठी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे आधी पाहावे लागेल. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या प्रेरणेने, तेथील हायस्कूलला जोडून पदवी अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षे शिकविण्यास प्रारंभ झाला. घरी राहून, थोड्या खर्चात दोन वर्षे शिकावे आणि मग मोठ्या विद्यापीठात जावे, अशी ती कल्पना. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर विणण्याची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नावही रूढ केले. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजाचे वर्षाचे सरासरी शुल्क सुमारे ४,००० डॉलर. चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात राज्यातील रहिवाशाला त्याच्या जवळजवळ तिप्पट आणि खाजगी विद्यापीठात दहापटीहून अधिक मोजावे लागतात. त्यामुळे तेथे कोण जातो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दिवसा दुकानात किंवा रुग्णालयात काम करून संध्याकाळी वर्गात बसणारा, लहान मुलाला आईजवळ ठेवून येणारी, सैन्यातून परतलेला, नुकताच देशात आलेला आणि इंग्रजीशी झटापट करणारा, असा हा विद्यार्थी वर्ग आहे. त्यातील निम्म्याहून अधिक अर्धवेळ शिकतात.

या विद्यार्थ्यांची आकांक्षा मात्र लहान नसते. प्रवेश घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी पुढे चार वर्षांची पदवी घेण्याची इच्छा बोलून दाखवितात. वस्तुस्थिती काय आहे? २०१५ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेणारा जो अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार विद्यापीठात जाऊ शकले ते सुमारे एक तृतीयांश, आणि सहा वर्षांच्या आत पदवी हाती पडली ती शंभरातील सोळाजणांच्या. इच्छा आणि फलश्रुती यांतील ही दरी केवळ पैशाची नाही. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्येच या महाविद्यालयांच्या एका अघोषित कार्याकडे लक्ष वेधले होते. विद्यार्थ्याला ‘तू नापास आहेस’ असे कोणी तोंडावर सांगत नाही. चाचण्या, सल्लामसलत, पर्यायी अभ्यासक्रम अशा सौम्य पायऱ्यांनी त्याची महत्त्वाकांक्षा हळूहळू थंड केली जाते आणि हा निर्णय आपण स्वतःच घेतला, असे त्याला वाटू लागते. अन्यायाची जाणीवही होऊ नये, इतका हा प्रकार सभ्य असतो.

क्लार्कच्या या विवेचनावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण त्यातील मर्म नाकारता येत नाही. माणसाला मागे ठेवण्यासाठी नेहमीच बंदी घालावी लागत नाही. ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ एवढे त्याला पटले की पुरे. इतिहास, वाङ्मय, विज्ञान, चित्रकला, संगीत, अर्थशास्त्र यांचे ज्ञान ही चार वर्षांच्या निवासी विद्यापीठात राहणाऱ्यांची चैन. दोन वर्षांच्या महाविद्यालयात जाणाऱ्याने हाताला काम देणारे तेवढे शिकावे, ही समजूत अमेरिकेतही आहे आणि इतरत्रही आहे. नवशिक्यांची प्रश्नमंजुषा घाव घालते तो नेमका या समजुतीवर.

प्रश्नाची घडण

महाविद्यालयीन प्रश्नमंजुषेचा अमेरिकेतील इतिहास १९५३ पासूनचा. त्या वर्षी ‘कॉलेज बोल’ हा कार्यक्रम नभोवाणीवर सुरू झाला, १९५९ मध्ये तो दूरचित्रवाणीवर आला आणि १९७० पर्यंत चालला. ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ही त्याचीच १९६२ साली जन्मलेली ब्रिटिश आवृत्ती. त्या काळातील एक प्रसंग अमेरिकेत अजून आठवणीने सांगितला जातो. १९६६ मध्ये जॉर्जिया राज्यातील ॲग्नेस स्कॉट या मुलींच्या लहानशा महाविद्यालयाने प्रिन्स्टनच्या मातब्बर संघाला अखेरच्या क्षणी हरविले. ही कथा स्फूर्तिदायक खरी. पण ती इतकी वर्षे सांगितली जाते, यातच ती अपवादात्मक असल्याची कबुली आहे. अपवादावर टाळ्या वाजविणे सोपे असते, व्यवस्था उभारणे कठीण.

दूरचित्रवाणीवरील त्या प्रश्नांचे स्वरूपही करमणुकीला साजेसे होते. प्रश्न आखूड, उत्तर एका शब्दाचे, आणि सारी मदार बझर दाबणाऱ्या बोटाच्या चपळाईवर. पुढे विद्यार्थ्यांनी आणि जुन्या खेळाडूंनी स्वतःच्या संस्था काढल्या, तेव्हा प्रश्नाची घडणच बदलली. आजचा प्रश्न म्हणजे चार-सहा वाक्यांचा लहानसा परिच्छेद असतो. त्यातील पहिला दुवा सर्वांत अवघड, शेवटचा सर्वांत सोपा. आणि ज्याला उत्तर सुचेल त्याने प्रश्न मध्येच थांबवून उत्तर द्यायचे. निमुळत्या शिखरापासून रुंद पायाकडे यावे तसा हा प्रवास असल्याने त्याला पिरॅमिडची उपमा देतात.

एक उदाहरण घ्यावे. प्रश्न एखाद्या अर्थशास्त्रज्ञाविषयी आहे. पहिले वाक्य सांगेल की याने लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी केली आणि १९१३ साली हिंदुस्थानच्या चलनावर पहिले पुस्तक लिहिले. दुसरे सांगेल की रशियन नर्तिका लिडिया लोपोकोव्हा ही याची पत्नी. तिसऱ्यात येईल १९१९ च्या व्हर्सायच्या तहावरील त्याची जळजळीत टीका. चौथ्यात १९४४ ची ब्रेटन वुड्स परिषद. आणि शेवटी, १९३६ मध्ये रोजगार, व्याज व पैसा यांविषयीचा सर्वसाधारण सिद्धांत मांडणारा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ कोण? ज्याने केन्सचे चरित्र वाचले आहे तो पहिल्याच ओळीला उत्तर देईल. ज्याने अर्थशास्त्राचे प्राथमिक पुस्तक लक्ष देऊन वाचले आहे त्यालाही शेवटच्या ओळीपर्यंत संधी आहे. एकाच प्रश्नात पंडितालाही वाव आणि प्रारंभकालाही, आणि दोघांतील फरक कसलीही लबाडी न होता उघड होतो.

बाकीची व्यवस्था थोडक्यात सांगता येईल. प्रत्येक संघात चार खेळाडू. अचूक उत्तराला दहा गुण, अवघड दुव्यांवरच उत्तर दिले तर पंधरा. प्रश्न मध्येच तोडून चूक उत्तर दिले तर पाच गुण वजा. उत्तर बरोबर आले की त्या संघाला तीन भागांचा जोडप्रश्न मिळतो आणि तेथे चौघांनी आपसांत विचारविनिमय करावयाचा असतो. वाङ्मयात रस असलेला, रसायनशास्त्र शिकणारी, इतिहासाचे वेड असलेला, असे चौघे एकत्र आले म्हणजेच संघ बनतो. एकट्या विद्वानाचे तेथे फार काळ चालत नाही.

हीच घडण कायम ठेवून प्रश्न नवशिक्यांना झेपेल असा करणे हे प्रश्न लिहिणाऱ्याचे खरे कौशल्य होय. उत्तरे पहिल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात भेटणारीच हवीत. शेवटचा दुवा बहुतेकांना ओळखता यावा. पण पहिला दुवा मात्र ज्याने नेमलेल्या पुस्तकाबाहेर चार पाने वाचली त्यालाच सापडावा. सोपा प्रश्न म्हणजे हलका प्रश्न नव्हे, हे शिक्षकांना तरी नव्याने सांगावयास नको. ज्याचे उत्तर कोणालाच येत नाही असा प्रश्न काढणे हे कोणाही अर्धवट विद्वानाला जमते. जो प्रश्न ऐकताना ‘हे मला ठाऊक आहे’ आणि ‘हे मात्र ठाऊक नव्हते’ या दोन्ही भावना एकाच वेळी जाग्या होतात, तो प्रश्न चांगला.

संरक्षणाचा आक्षेप

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्वतंत्र स्पर्धा म्हणजे स्वतंत्र पंगत; आणि स्वतंत्र पंगत म्हणजे कमीपणाचा शिक्काच नव्हे काय? गुणवत्ता असेल तर या विद्यार्थ्यांनी हार्वर्ड-शिकागोच्या संघांसमोर उभे राहावे. नसेल तर त्यांच्यासाठी वेगळा चषक कशाला?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा वाद अपरिचित वाटणार नाही. १७९१ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी अमेरिकेच्या काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात, आणि पुढे १८४१ मध्ये फ्रेडरिक लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने, बाल-उद्योगांना संरक्षण देण्याचा जो पुरस्कार केला, त्याचेच हे शैक्षणिक रूप आहे. इंग्लंडचे कारखाने शंभर वर्षे आधी सुरू झाले. नव्या देशातील कारखान्याला पहिल्याच दिवशी त्यांच्याशी झुंजावयास लावणे म्हणजे स्पर्धा नव्हे, कत्तल होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यावरील प्रत्युत्तरही तितकेच प्रसिद्ध आहे. संरक्षित बालक कधी मोठेच होत नाही. जकातीची भिंत पाडण्याचा दिवस उजाडतच नाही आणि ग्राहकाला निकृष्ट माल महाग घ्यावा लागतो. भारताने या दोन्ही बाजूंचा अनुभव पुरेपूर घेतला आहे.

म्हणून संरक्षण असावे की नसावे, असा प्रश्न न विचारता ते कोणत्या अटींवर असावे, असा विचारणे योग्य. अशा संरक्षणाच्या अटी तीन. ते तात्पुरते असावे, त्याखाली मालाचा दर्जा घसरू नये, आणि बाहेरच्या बाजारात जाण्याचे दार बंद होऊ नये. या तिन्ही कसोट्यांवर नवशिक्यांची ही स्पर्धा उतरते. कम्युनिटी कॉलेजातील विद्यार्थी कायम तेथे राहत नाही. काही वर्षांत तो एक तर विद्यापीठात जातो किंवा नोकरीत स्थिरावतो. संरक्षणाची मुदत अशी आपोआपच संपते. प्रश्नांची पातळी खाली आणली तरी त्यांची घडण आणि गुणांचे नियम खुल्या स्पर्धेतलेच राहतात. आणि खुल्या स्पर्धांचे दार या विद्यार्थ्यांना बंद झालेले नसते. येथे मिळालेला सराव तेथे उपयोगी पडतो.

शिवाय सोय केवळ दुबळ्यांचीच होते, असेही नाही. १९९१ पासून काम करणारी ‘अकॅडेमिक कॉम्पिटिशन फेडरेशन’ ही संघटना अत्यंत कठीण प्रश्नांसाठी नावाजलेली. पण तीही दर शरद ऋतूत मुद्दाम सोप्या प्रश्नांची स्पर्धा घेते, कारण नामांकित विद्यापीठातील नवख्या विद्यार्थ्यालाही पहिली पायरी लागतेच. पहिली पायरी असणे ही नामुष्की नव्हे. नामुष्की असते ती जिन्याला पहिली पायरीच नसण्यात.

या स्पर्धेचे फळ काय, असे विचारणाऱ्याने फ्लोरिडा राज्याकडे पाहावे. त्या राज्यातील कम्युनिटी कॉलेजांत प्रश्नमंजुषेची परंपरा जुनी आहे. राज्य पातळीवर त्यांचे सामने होतात, प्राध्यापक प्रशिक्षकाचे काम पाहतात. परिणामी ऑर्लँडोचे व्हॅलेन्सिया आणि मारियाना या जेमतेम सहा हजार वस्तीच्या गावातील चिपोला ही महाविद्यालये राष्ट्रीय स्पर्धेत पुनःपुन्हा विजयी झाली आहेत. ज्या गावाचे नाव राज्याबाहेर कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही, त्या गावातील मुलेमुली तत्त्वज्ञान आणि जीवशास्त्र यांवरील प्रश्नांना सराईतपणे उत्तरे देतात. बुद्धी गावोगाव सारखीच असते, सराव आणि संधी मात्र सारख्या नसतात, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

उणिवाही आहेत

याचा अर्थ या उपक्रमात सारे आलबेल आहे असा नव्हे. स्पर्धेला प्रवेशशुल्क असते. विमानाचे तिकीट आणि निवास यांचा खर्च वेगळा. पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही दोन-तीन दिवसांची सहल. शनिवार-रविवारी दुकानात काम करून शुल्क भरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती बुडालेली मजुरी. अर्थशास्त्रात ज्याला संधिखर्च म्हणतात तो गरिबाच्या बाबतीत नेहमीच अधिक जाचक ठरतो. ज्या महाविद्यालयांना असा खर्च परवडत नाही, ती या नकाशावर येतच नाहीत. म्हणजे समतेसाठी मांडलेल्या पंगतीतही काहीजण दाराबाहेर राहतात. प्रश्नमंजुषेतील ज्ञान हे अखेर ओळखीचे ज्ञान असते, आकलनाचे नव्हे, हा आक्षेपही अगदी खोटा नाही. केन्सच्या पुस्तकाचे नाव सांगता येणे आणि मंदीत सरकारने खर्च का वाढवावा हे समजावून सांगता येणे, यांत अंतर आहे. पण ज्याला नावही ठाऊक नाही तो पुस्तकापर्यंत पोहोचणार कसा? ओळख ही आकलनाची जागा घेऊ शकत नाही; तिची वाट मात्र ओळखीवरूनच जाते.

या साऱ्याशी महाराष्ट्राचा संबंध अगदीच नाही असे नाही. ‘कॉलेज बोल’चीच ब्रिटिश आवृत्ती पुढे भारतात आली. २००४ मध्ये तिच्या भारतीय आवृत्तीची अंतिम फेरी मुंबईचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आणि हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस यांच्यात झाली आणि मुंबईचा संघ विजयी ठरला. हे यश अभिमानास्पदच. पण अंतिम फेरीत कोण पोहोचले, हेही पाहण्यासारखे आहे. कठोर प्रवेश परीक्षेच्या चाळणीतून आधीच निवडलेल्या दोन संस्था तेथे समोरासमोर होत्या. तालुक्याच्या गावातील कला-वाणिज्य महाविद्यालय, रात्र महाविद्यालय, पदविका देणारे तंत्रनिकेतन यांतील विद्यार्थ्याने अशा फेरीकडे प्रेक्षक म्हणूनच पाहावयाचे, हे जणू ठरलेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजांची कल्पना भारतातही आणली. मात्र तिचा भर कौशल्यांवर आणि रोजगारावर होता. त्यात गैर काही नाही. परंतु नाव उचलताना त्या कल्पनेचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे हाताला काम देतानाच डोक्याला मान देणे, हा मागे राहू नये.

तालुक्याच्या विद्यार्थ्याला ‘सामान्य ज्ञान’ भेटते ते बहुधा स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकातून, चार पर्यायांपैकी एकावर खूण करण्याच्या रूपात. तेथे ज्ञान म्हणजे नोकरीच्या दारावरचा पहारेकरी. हजारोंना बाहेर ठेवणे हेच त्याचे काम असल्यामुळे त्याच्याशी मैत्री होणे कठीण. नवशिक्यांच्या प्रश्नमंजुषेत हेच ज्ञान निराळ्या वेषात समोर येते. तेथे हरणाऱ्याचे वर्ष फुकट जात नाही आणि जिंकणाऱ्याला पदही मिळत नाही. मिळते ते एवढेच की जे वाचले त्याचा उपयोग झाला, आणि जे वाचले नाही ते वाचण्याची इच्छा झाली. महाविद्यालयाला यासाठी काय लागते? एक खोली, काही बझर, मन लावून लिहिलेले प्रश्न आणि शनिवारची दुपार देण्यास तयार असलेले दोन प्राध्यापक. प्रश्न मराठीतून असण्यासही कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

शिक्षणव्यवस्थेची परीक्षा तिच्या शिखरांवरून घेण्याची जगाला सवय आहे. कोणत्या विद्यापीठाने किती पारितोषिके मिळविली, याच्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात. पिरॅमिडची उंची शिखरावरून मोजतात हे खरे, पण ते शिखर उभे असते पायाच्या बळावर. दोन वर्षांच्या महाविद्यालयातील, कामावरून थेट वर्गात येणारी एखादी विद्यार्थिनी प्रश्नाच्या शेवटच्या ओळीला का होईना, बझर दाबते आणि तिचे उत्तर बरोबर ठरते, तेव्हा संघाच्या खात्यात दहा गुण जमा होतात. पण ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ ही तिच्या मनात इतरांनी रुजविलेली समजूत त्याच क्षणी खोटी ठरते, आणि त्याची नोंद कोणत्याही गुणपत्रकात होत नाही.